सुवर्णकमळप्राप्त मराठी चित्रपट : समीक्षा आणि श्रेणीनिश्चितीचे निकष

१. प्रास्ताविक

चित्रपट हे विसाव्या शतकातील सर्वाधिक लोकाभिमुख कलामाध्यम होय. साहित्यकृतीची समीक्षा मराठीत दीर्घकाळ आणि शिस्तबद्ध रीतीने होत आली आहे. चित्रपटाच्या बाबतीत मात्र 'कोणता चित्रपट श्रेष्ठ?' या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'ज्याला पुरस्कार मिळाला तो' असे दिले जाते. वृत्तपत्रांतील सर्वोत्तम चित्रपटांच्या याद्या, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांतील कोष्टके आणि महाविद्यालयीन प्रश्नमंजूषा यांनी ही समजूत अधिकच दृढ केली आहे. पुरस्कार आणि श्रेष्ठता यांचा संबंध आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु तो संबंध नेमका कसा आहे, याचा विचार क्वचितच केला जातो.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त वर्गातच घडले. पिंगळी हे परभणी–पूर्णा लोहमार्गावरील परभणी तालुक्यातील गाव. तेथील व परिसरातील विद्यार्थ्यांना चित्रपटगृहात चित्रपट पाहावयाचा तर परभणी गाठावी लागते. पदवी वर्गात साहित्य आणि माध्यमांतर हा घटक शिकवीत असताना राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त मराठी चित्रपटांची नावे फळ्यावर लिहिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे चित्रपट एवढे चांगले होते, तर यातले आमच्याकडे कोणी कसे पाहिले नाहीत?" प्रश्न साधा होता, पण त्यात दोन प्रश्न दडलेले होते. चित्रपट चांगला आहे हे कोण आणि कशावरून ठरविते, हा पहिला. आणि ज्या प्रेक्षकापर्यंत चित्रपट पोहोचतच नाही, त्या प्रेक्षकाला या निर्णयात काही स्थान आहे काय, हा दुसरा. या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळविणाऱ्या पाच मराठी चित्रपटांची समीक्षा करणे आणि त्यांची श्रेणी लावून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. पुरस्काराची कार्यपद्धती

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा प्रारंभ १९५४ मध्ये झाला. त्या वर्षी १९५३ च्या चित्रपटांचा विचार करण्यात आला आणि सर्वोत्कृष्ट कथापटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य प्र. के. अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला प्रदान करण्यात आले. म्हणजे या पुरस्काराच्या इतिहासाचे पहिलेच पान मराठी आहे. पुढे सुवर्णपदकाची जागा 'सुवर्णकमळ' या सन्मानाने घेतली. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा हा मान मराठीला पुन्हा मिळाला तो 'श्वास'ला, २००३ या वर्षासाठी. मध्ये अर्धशतक लोटले होते. त्यानंतर २०११ साठी 'देऊळ' (ब्यारी भाषेतील 'ब्यारी' या चित्रपटासह विभागून), २०१४ साठी 'कोर्ट' आणि २०१६ साठी 'कासव' हे चित्रपट या मानाचे धनी ठरले.

येथे एक बाब स्पष्ट केली पाहिजे. पुरस्कारासाठी चित्रपटाचे वर्ष ठरते ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाच्या प्रमाणपत्रावरून, प्रदर्शनावरून नव्हे. त्यामुळे 'कोर्ट' २०१४ चा पुरस्कार मिळवून एप्रिल २०१५ मध्ये, तर 'कासव' २०१६ चा पुरस्कार मिळवून ऑक्टोबर २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आला. याद्यांमध्ये एकाच चित्रपटापुढे दोन भिन्न वर्षे आढळतात, त्याचे कारण हे आहे.

दुसरी बाब अशी की, परीक्षक मंडळ केवळ त्या वर्षी निर्मात्यांनी पाठविलेल्या चित्रपटांतून निवड करते. अलीकडच्या काळात ही निवड दोन टप्प्यांत होते. प्रादेशिक समित्या प्रथम चित्रपट निवडतात आणि त्यांच्या शिफारशींवर केंद्रीय मंडळ अंतिम निर्णय घेते. परीक्षक दरवर्षी बदलतात. साहजिकच १९५३ च्या सुवर्णपदकाची २०१४ च्या सुवर्णकमळाशी तुलना करणारे कोणतेही मंडळ अस्तित्वात नाही. पुरस्कार हा एका वर्षाच्या चौकटीतील, उपलब्ध प्रवेशिकांपुरता, विशिष्ट व्यक्तींनी दिलेला निर्णय आहे. तो आदरणीय आहे. तथापि तो मर्यादित आहे.

३. पुरस्कार आणि क्रमवारी : दोन भिन्न व्यवहार

पुरस्कार त्या काळात दिला जातो, तर क्रमवारी मागे वळून लावली जाते. या दोहोंत किती अंतर पडू शकते, याची उदाहरणे जागतिक चित्रपटाच्या इतिहासात विपुल आहेत. ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन' (१९४१) या चित्रपटाला ऑस्कर मिळाले ते फक्त पटकथेचे. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'. मात्र 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने दर दहा वर्षांनी घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात १९६२ पासून २००२ पर्यंत 'सिटिझन केन'च पहिल्या क्रमांकावर राहिला. २०१२ मध्ये ती जागा हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ने घेतली. या चित्रपटाला प्रदर्शनाच्या काळी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर नामांकनदेखील मिळालेले नव्हते. २०२२ मध्ये शांताल अकरमन या दिग्दर्शिकेचा 'जान दिलमान' अग्रस्थानी आला. सत्तर वर्षांच्या या कौलांत एका स्त्री दिग्दर्शिकेची कलाकृती प्रथमच त्या स्थानी पोहोचली. चित्रपट तेच होते. पाहणारे आणि त्यांचे निकष बदलले होते.

आपल्याकडेही हेच दिसते. ज्या वर्षी 'श्यामची आई'ला सुवर्णपदक मिळाले, त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या 'दो बीघा जमीन'ला अखिल भारतीय गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. पुढे १९५४ च्या कान महोत्सवात 'दो बीघा जमीन'ला आंतरराष्ट्रीय पारितोषिक लाभले. दिल्लीच्या परीक्षकांचा निर्णय आणि कानच्या परीक्षकांचा निर्णय यांपैकी एक चूक व एक बरोबर असे म्हणण्याचे कारण नाही. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्राला संस्कारांचा चित्रपट अग्रस्थानी असावा असे वाटले, हे त्या काळाचे द्योतक आहे.

पुरस्कारांची यादी म्हणजेच इतिहास असे मानल्यास होणारी हानी आणखी एका उदाहरणावरून लक्षात येते. दामले–फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) हा १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरविला गेला. राष्ट्रीय पुरस्कार तेव्हा नव्हतेच, त्यामुळे ते त्याच्या नावापुढे असणे शक्य नाही. 'सामना', 'सिंहासन' आणि 'उंबरठा' हे डॉ. जब्बार पटेल यांचे चित्रपट सुवर्णकमळाच्या यादीत नाहीत. पण त्यांच्याशिवाय मराठी चित्रपटाचा इतिहास लिहिता येणार नाही. ज्या पन्नास वर्षांत मराठीला हा सर्वोच्च मान मिळाला नाही, ती पन्नास वर्षे म्हणूनच रिकामी नव्हती.

४. समीक्षेचे निकष

श्रेणी लावावयाची तर निकष आधी सांगितले पाहिजेत. प्रस्तुत लेखात पुढील चार निकष स्वीकारले आहेत. (अ) आशय आणि चित्रभाषा यांची एकरूपता : सांगावयाचे ते दृश्य, ध्वनी व संकलन यांतून सांगितले आहे काय, की केवळ संवादांतून? (आ) त्या काळाच्या संदर्भातील नावीन्य. (इ) पुनर्प्रत्यय : दुसऱ्यांदा पाहताना चित्रपट काही नवे देतो काय? (ई) प्रेक्षकाच्या अनुभवविश्वाशी असलेले नाते. यांपैकी पहिल्या निकषास सर्वाधिक महत्त्व दिले आहे, कारण चित्रपटाचे चित्रपटपण त्यातच सामावलेले आहे.

५. पाच चित्रपटांची समीक्षा

५.१ श्यामची आई : साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या कारागृहात लिहिलेल्या पुस्तकावर हा चित्रपट आधारलेला आहे. वनमाला यांनी आईची आणि माधव वझे यांनी श्यामची भूमिका केली. संगीत वसंत देसाई यांचे होते. मूळ पुस्तकाप्रमाणे चित्रपटाची रचना प्रसंगमालिकेची आहे. पोहण्यास घाबरून लपणाऱ्या श्यामला आई कठोरपणे पाण्यात धाडते आणि नंतर त्याच्या वेदनेने स्वतः व्याकूळ होते, यांसारख्या प्रसंगांत वनमाला यांचा चेहरा संवादापेक्षा अधिक सांगून जातो. अन्यत्र मात्र रंगभूमीच्या संस्कारातील शब्दप्रधानता जाणवते. पुढे याच कथेवर सुजय डहाके यांनी कृष्णधवल चित्रपट केला आणि २०२३ च्या पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. सत्तर वर्षांनंतरही कथा जिवंत आहे, याचे हे गमक मानता येईल.

५.२ श्वास : संदीप सावंत यांचा हा पहिलाच चित्रपट. माधवी घारपुरे यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. कोकणातील आजोबा (अरुण नलावडे) डोळ्यांच्या कर्करोगाने ग्रस्त नातवाला (अश्विन चितळे) शहरातील रुग्णालयात आणतात. जीव वाचवावयाचा तर दृष्टी गमवावी लागणार, हे त्यांना कळते. शस्त्रक्रियेपूर्वी ते नातवाला रुग्णालयातून बाहेर नेतात आणि जग डोळे भरून दाखवितात. दृष्टी हाच विषय असल्याने प्रत्येक दृश्याला दुहेरी अर्थ प्राप्त होतो. मुलाबरोबर प्रेक्षकही शेवटचे पाहू लागतो. कथेच्या गरजेतून चित्रभाषा निर्माण होण्याचे हे उत्तम उदाहरण आहे. काही ठिकाणी भावनेचा निचरा संवादांतून होतो, एवढे न्यून नोंदवावे लागेल. भारतातर्फे ऑस्करसाठी पाठविल्या गेलेल्या या चित्रपटाच्या प्रचारासाठी सामान्य मराठी माणसांनी वर्गणी दिली. अल्प खर्चात गंभीर चित्रपट करता येतो, हा विश्वास त्याने पुढील पिढीला दिला.

५.३ देऊळ : उमेश कुलकर्णी यांचे दिग्दर्शन आणि गिरीश कुलकर्णी यांचे लेखन. गुरे राखणाऱ्या केश्याला (गिरीश कुलकर्णी) दत्ताचा दृष्टान्त होतो आणि पाहता पाहता मंगरूळ गावाचे तीर्थक्षेत्र होते. गावासाठी रुग्णालयाचा आराखडा करणारे अण्णा (दिलीप प्रभावळकर) एकाकी पडतात. भाऊंसारखे (नाना पाटेकर) राजकारणी मंदिराच्या बाजूने झुकतात. आपला देव या गर्दीत हरवला हे उमगल्यावर केश्या मूर्तीच उचलून नेतो व विसर्जित करतो. पण गावात दुसरी मूर्ती येते आणि व्यवहार चालूच राहतो. उपरोध असूनही केश्याची श्रद्धा हास्यास्पद होत नाही, हे या चित्रपटाचे सर्वांत मोठे यश होय. उत्तरार्धातील विस्तार मात्र थोडा सैल वाटतो.

५.४ कोर्ट : चैतन्य ताम्हाणे यांच्या या पहिल्या चित्रपटाला २०१४ च्या व्हेनिस महोत्सवातही 'ओरिझोन्ती' विभागाचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळाले. लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा आरोप ठेवला जातो. स्थिर कॅमेरा, दूरवरची चौकट, दीर्घ दृश्ये आणि घाई न करणारे संकलन या सर्वांतून न्यायालयीन तारखांचा कंटाळा आणि त्यात अडकलेल्या माणसाची घुसमट प्रेक्षकाला प्रत्यक्ष अनुभवावी लागते. दिग्दर्शक वकिलांच्या व न्यायाधीशांच्या मागे त्यांच्या खासगी आयुष्यापर्यंत जातो. कायद्याची कलमे एका सुरात वाचणारी सरकारी वकील (गीतांजली कुलकर्णी) घरी स्वयंपाक करणारी, सामान्य गृहिणी दिसते. खलनायक कोणीच नाही, तरीही अन्याय घडतो. हे विधान चित्रपट एकदाही शब्दांत उच्चारीत नाही.

५.५ कासव : सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट नैराश्यग्रस्त तरुणाविषयी आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मानवला (आलोक राजवाडे) जानकी (इरावती हर्षे) कोकण किनाऱ्यावरील घरी आश्रय देते. तेथे सागरी कासवांच्या संवर्धनाचे काम चालू असते. अंड्यांना संरक्षण द्यावयाचे, पण पिल्लांनी समुद्राकडे स्वतःच जावयाचे, ही प्रतिमा मानसिक उपचाराला लागू केली आहे. मानसिक आजाराकडे सहानुभूतीने पाहणारा चित्रपट म्हणून त्याचे मोल मोठे आहे. तथापि प्रतिमेचा अर्थ पात्रांच्या बोलण्यातून वारंवार उलगडला जातो. शिवाय मानवला लाभलेला निवांत आश्रय किती रुग्णांच्या वाट्याला येतो, हा प्रश्न चित्रपट पुरेसा विचारीत नाही.

६. श्रेणीनिश्चिती

वरील निकषांनुसार प्रस्तुत लेखकाची श्रेणी पुढीलप्रमाणे आहे : (१) कोर्ट, (२) श्वास, (३) देऊळ, (४) श्यामची आई, (५) कासव. 'कोर्ट' प्रथम येतो, कारण त्यातील आशय चित्रभाषेपासून वेगळा काढताच येत नाही. 'श्वास'मध्ये हीच एकरूपता मुख्य कल्पनेत आहे, परंतु सर्वत्र नाही. 'श्यामची आई' चौथ्या स्थानी येते ती पहिल्या निकषाला दिलेल्या अग्रक्रमामुळे. चौथा निकष, म्हणजे प्रेक्षकाशी असलेले नाते, अग्रभागी ठेवल्यास तीच निःसंशय पहिली येईल आणि 'कोर्ट' बराच खाली जाईल. निकषांचा क्रम बदलला की श्रेणी बदलते. म्हणूनच निकष न सांगता दिलेली श्रेणी ही केवळ आवडनिवड ठरते.

पहिल्या टिपणात 'देऊळ' हा चित्रपट 'श्यामची आई'च्या खाली, चौथ्या स्थानी होता. हे पाचही चित्रपट वर्गात दाखविल्यानंतर विद्यार्थ्यांनी आपापला क्रम कारणांसह लिहून आणावा, असे सांगितले होते. अनेकांनी 'देऊळ' पहिला ठेवला. गावच्या बैठकीत रुग्णालयाचा विषय कसा हळूहळू मागे पडतो, हे त्यांनी दृश्यागणिक दाखवून दिले. कोण बसलेला आहे, कोण उभा आहे, कोणाच्या बोलण्याकडे कोण पाहत नाही, याकडे त्यांचे लक्ष होते. उत्तरार्धातील जी गर्दी लेखकाला सैल वाटली होती, ती त्यांना यात्रेच्या गावाचे अचूक चित्रण वाटली. त्यांचे हे वाचन चित्रभाषेचेच वाचन होते. त्यामुळे क्रम बदलणे भाग पडले. 'श्वास'विषयी एका विद्यार्थ्याने लिहिले की, आजोबांचे रडणे त्याला तितके भिडले नाही. डॉक्टरांच्या दाराबाहेर ताटकळत बसणे भिडले, कारण नांदेडच्या दवाखान्यात तो स्वतः आजोबांबरोबर तसाच बसला होता. 'कोर्ट' मात्र बहुतेकांना संथ वाटला. दुसऱ्यांदा दाखविल्यावर त्या संथपणाचे प्रयोजन काहींच्या ध्यानात आले, सर्वांच्या नाही.

७. प्रेक्षक आणि पोहोच

या अनुभवावरून आरंभीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येते. पुरस्कारप्राप्त चित्रपट गावापर्यंत पोहोचला नाही, यात गावाच्या अभिरुचीचा दोष नाही. चित्रपटाचा प्रवास वितरकाच्या हिशेबावर अवलंबून असतो आणि नामवंत नट नसलेल्या चित्रपटाला तालुक्याच्या ठिकाणी पडदा मिळणे कठीण असते. एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटांना मोक्याची वेळ देण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच महिन्यात 'कोर्ट' प्रदर्शित झाला. परंतु जेथे बहुपडदा चित्रपटगृहच नाही, तेथे त्या निर्णयाचा उपयोग मर्यादितच राहणार होता. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी विविध भारतीय भाषांतील चित्रपट दाखविले जात असत. ज्या घरी दूरचित्रवाणी संच असे, तेथे शेजारीपाजारीही ते पाहत. आज मोबाइलवर चित्रपट पाहता येत असले, तरी एकत्र पाहणे आणि पाहिल्यावर बोलणे ही गोष्ट मागे पडली आहे. समीक्षेचा जन्म त्या बोलण्यातूनच होतो.

चित्रपटविषयक लेखनाचाही राष्ट्रीय पुरस्कारांत स्वतंत्र गौरव होतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. अरुण खोपकर यांच्या 'गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका' या मराठी ग्रंथाला चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला आहे. चित्रपट बारकाईने पाहणे व त्याविषयी मराठीत नेमकेपणाने लिहिणे ही परंपरा आपल्याकडे आहे. ती महाविद्यालयीन वर्गापर्यंत आणण्याची आवश्यकता आहे. ग्रंथालयात निवडक चित्रपटांचा संग्रह, महिन्यातून एक प्रदर्शन आणि त्यानंतर तासभर चर्चा, एवढ्या साधनांनी हे काम ग्रामीण महाविद्यालयातही होऊ शकते.

८. निष्कर्ष

पुरस्कार हा विशिष्ट वर्षापुरता दिलेला निर्णय असून तो चित्रपटाकडे लक्ष वेधण्याचे काम करतो. श्रेष्ठतेचा अंतिम पुरावा म्हणून त्याचा उपयोग करता येत नाही. क्रमवारी ही काळानुसार व निकषांनुसार बदलते, आणि ती बदलते म्हणूनच उपयुक्त आहे. कारण ती बदलताना कारणे द्यावी लागतात. सुवर्णकमळप्राप्त पाच मराठी चित्रपटांपैकी चित्रभाषेच्या निकषावर 'कोर्ट' श्रेष्ठ ठरतो, तर लोकमानसातील स्थानाच्या निकषावर 'श्यामची आई'. ज्या प्रेक्षकाला या यादीत आजवर स्थान नव्हते, त्याला चित्रपट पाहावयास मिळाल्यास तो समीक्षकाला क्रम बदलावयास लावू शकतो, हे वर्गातील अनुभवाने दाखवून दिले. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच देता येते की, हे चित्रपट चांगले होते आणि ते तिच्यापर्यंत पोहोचावयास हवे होते. ते पोहोचविणे हे समीक्षेच्या अध्यापनाचे पहिले काम आहे. श्रेणी लावण्याचे काम त्यानंतरचे.